ठमाबाई बोलू लागली

करवंटीच्या काठावर माशी बसली होती आणि आत बोटभरही पाणी नव्हतं. पेला नाही, करवंटी... म्हणजे म्हातारी गेली की फेकून द्यायला बरी, असं द्वारकाच्या मनात आलं आणि तिच्या ओठाला नेहमीची मुरड पडली. कोपरीतल्या या घरावर नवी कौलं होती, ओटीवर झोपाळा होता, आणि घरधन्याची आई गोठ्यालगतच्या पडवीत पेंढ्यावर पडली होती.

डॉक्टर म्हणून द्वारकाला बोलावलं होतं ते म्हातारीच्या सुनेसाठी. मालनला आठवा महिना. पावलं सुजलेली, डोकं दुखतंय म्हणाली. द्वारकाने बोट दाबून सूज पाहिली, मीठ बंद करायला सांगितलं, बाकीचं मग सांगू म्हणून हात धुवायला ती मागे आली—तर हे.

"माजी आय हाय," काळुराम म्हणाला. घरधनी तोच, मिठागरांचा मालक, अंगात नवा कोट. "तिचा काय बघायचा बाई? वय झाला. भ्रमात बरबरतंय. सारखी मुततंय, म्हून पानी कमी केला."

वय झालं! मुंबईच्या कॉलेजात साहेबही हेच म्हणायचे, फक्त इंग्रजीत. ठाण्याचे डॉक्टर अजून म्हणतात. विधवा बाई डॉक्टर झाली हेच त्यांना पचलं नव्हतं, त्यात ती घरच्या पडवीत चार खाटा मांडून टाकून दिलेली म्हातारी माणसं आणून निजवते म्हटल्यावर त्यांनी तिच्या दवाखान्याला भाकड गुरांचा पांजरपोळ म्हणायला सुरुवात केली. म्हणोत. बाळंतपणं काय, सुईणीही करतात. पण म्हातारपण हा रोग नाही, म्हाताऱ्याला झालेला रोग हा रोग आहे, एवढी साधी गोष्ट ज्यांच्या डोक्यात शिरत नाही त्यांच्यावर रागावण्याचीसुद्धा तिची इच्छा नव्हती. राग बरोबरीच्यांवर करायचा असतो.

तिने म्हातारीच्या, ठमाबाईच्या, पोटावर हात ठेवला. बेंबीपर्यंत टणक.

"लघवी होत नाहीये हिला, तुंबलीय," ती काळुरामकडे न बघता म्हणाली. "थेंबथेंब गळतेय ती भरून सांडलेली. आणि तुम्ही तिचं पाणी तोडलंत. शाबास."

काळुराम ओशाळून बाहेर गेला. मालनने वाकत, धापा टाकत घमेलं धरलं. द्वारकाने रबरी नळी घातली, हळूहळू सगळं मोकळं केलं, आणि मग दुपार कलेपर्यंत म्हातारीच्या तोंडात चमच्याने पाणी सोडत बसली. तिला समाधान वाटत होतं—खरं तर समाधान नव्हेच ते, आता बघा म्हणावं, असं काहीतरी... तिच्या खाटांवरची माणसं कशी हात जोडतात, होय बाई, नको बाई, दुसरा शब्द नाही...

म्हातारीचे डोळे स्थिरावले.

"कोन गो तू?"

"डॉक्टरीण."

ठमाबाईने तिचं मोकळं कपाळ पाहिलं, मग राखलेल्या केसांचा अंबाडा पाहिला, मग घमेलं उचलणारी मालन पाहिली, आणि एवढ्याशा छातीतून केवढा तरी आवाज निघाला.

"कालू! अरे कालू! पोटुशी सून घरान नि ही रांडाव कोनी आनली? आधी भायेर काढ तिला. पोरीवर सावली नको परायला हिची!"

काळुराम धावत आला. आई ओळखून बोलतेय हे पाहून त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्याने तिचे पाय धरले, आणि तसाच, पाय धरूनच, द्वारकाकडे वळून म्हणाला, "बाई, तुमचे लय उपकार झाले. पन... आय बोलतंय नं. आता तुमी नको येव."

कृतघ्न, असं म्हणायला तिने ओठ उघडले. मुरड पडेना. मालन दाराच्या चौकटीला टेकून कपाळ चोळत होती. डोकं दुखतंय, ती सकाळीच म्हणाली होती. ही सूज, हे दुखणं... उद्या झटके येऊन जिवावर बेतलं तर सुईणीला काय कळणार, आणि मी तिला काय सांगून आले? मीठ सोड. बाकीचं मग. गरोदर बाईच ती, तिला काय बघायचं—हे मी म्हटलं, की काळुराम म्हणाला होता आईबद्दल?

या घरात पुन्हा पाऊल टाकायचं तर परवानगी ठमाबाईकडूनच मिळवायला हवी होती, दुसऱ्या कुणाचं इथे चालणार नव्हतं. द्वारका पेंढ्यापाशी पुन्हा खाली बसली. म्हातारी तिच्याकडे रोखून बघत होती, पुरती शुद्धीवर, पुरती दुष्ट, कुणाची तरी सासू, कुणाची तरी आजी होऊ घातलेली. आजवर किती म्हाताऱ्या तिने उठवून बसवल्या होत्या. उठल्यावर त्यांच्याशी बोलायचं काय, हे तिने कधी मनात आणलं नव्हतं.

"ठमाबाई," ती म्हणाली, आणि पुढचा शब्द शोधत राहिली.