दुर्वालच्या हाताची थाप

ओलारिया नावाच्या वस्तीत गास्पारच्या बेकरीवर, पहिल्या मजल्यावर, क्लेमेंतिनो वस्तादांची जिउ-जित्सूची तालीम होती. वर कोण पडलं हे गास्पारला खाली पाव भाजता भाजता आवाजावरून कळायचं. पोरं पडली की नुसता धडधडाट व्हायचा आणि त्याच्या काचेच्या कपाटातल्या बशा खुळखुळायच्या. दुर्वाल पडला की मात्र एकच स्वच्छ, कोरडी थाप ऐकू यायची. पाठ टेकायच्या क्षणी तळहात गादीवर आपटायचा म्हणजे धक्का हातातून निघून जातो, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना शिकवतात. पण दुर्वालइतकं ते दुसऱ्या कुणाला साधलं नव्हतं. जन्मभर सिटी बस चालवून निवृत्त झालेला हा माणूस साठी उलटल्यावरही असा पडायचा, की वस्ताद नव्या पोरांना सांगायचे, पाडायला कुणाकडूनही शिका, पडायला मात्र दुर्वालकडून शिका.

आणि या दुर्वालला गेली कितीतरी वर्षं रोज सकाळी पाडत होती जुरेमा. बाई पन्नाशीची, अंगाने शिडशिडीत, कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात कामाला. दुकान उघडायच्या आधी सातच्या वर्गाला यायची, घामाने निथळायची, बेकरीत उभ्याउभ्या कॉफी प्यायची आणि खोकल्याची औषधं विकायला जायची. तिला ना पदकं जिंकायची होती, ना कुणाला झोडायचं होतं. तिला तो खेळ आवडायचा, बस्स. तिचा डावही एकच, कात्री. आपण पाठीवर, गडी आपल्या पायांत गुडघ्यांवर बसलेला. एका हातात त्याची कॉलर, दुसऱ्यात बाही. एक नडगी त्याच्या पोटावर आडवी, दुसरा पाय खाली त्याच्या गुडघ्याशी. दोन्ही पाय कात्रीच्या पात्यांसारखे चालवले की गडी आडवा आणि आपण त्याच्या छातीवर. दुर्वाल रोज आडवा व्हायचा आणि जुरेमा रोज खूश होऊन कामावर जायची.

मे महिन्यात वस्तादांनी तिचा निळा पट्टा सहज म्हणून हातात घेतला, दोन्ही टोकं ताणून पाहिली आणि परत दिला. तालमीतल्या सगळ्यांना याचा अर्थ ठाऊक होता. वस्ताद माप घेत होते. जूनमध्ये सेंट जॉनच्या सणाच्या शनिवारी जुरेमाच्या कमरेला वरच्या पायरीचा, जांभळा पट्टा बांधला जाणार होता. पट्टा कुणी मागायचा नाही, त्याबद्दल विचारायचंही नाही, हा तिथला रिवाज. म्हणून जुरेमाने काही दिसलंच नाही असं दाखवलं आणि त्या दिवशी दुकानात एका आजोबांना दोनदा सुटे पैसे परत दिले.

पुढच्याच आठवड्यात तायनारा आली. अग्निशमन दलातली तरुण मुलगी, बदली होऊन आलेली, तिचाही पट्टा निळाच. जुरेमाने तिला मोठ्या मायेने पायांत घेतलं आणि कात्री मारली. तायनारा बसली होती तशीच बसून राहिली. जुरेमाने पुन्हा मारली, मग दात-ओठ खाऊन मारली. पोरगी तसूभर हलली नाही, वर काळजीने तिच्या तोंडाकडे बघायला लागली.

"मावशी, पाय झकास चालतात तुमचे," ती हळूच म्हणाली. "पण तुम्ही मला पुढे ओढतच नाही. माझं सगळं वजन माझ्या टाचांवर आहे. ते आधी अंगावर घ्या, मग मारा कात्री."

मावशी म्हणणाऱ्यांना जुरेमा एरवी सरळ करायची. त्या दिवशी तिला सुचलंच नाही. इतकी वर्षं लोळवते आहे ती दुर्वालला, मग ते वजन तिच्या अंगावर कुठून येत होतं, हा प्रश्न तिच्या डोक्यात शिरला आणि दिवसभर कुरतडत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुर्वालबरोबर सराव करताना तिने कान दिले. आधी थाप ऐकू आली, मग तिचा पाय चालला. पुन्हा केलं, पुन्हा तसंच. तिसऱ्या वेळी तिने कॉलर जराशी ओढली आणि पाय हलवलेच नाहीत. दुर्वाल छानपैकी आडवा झाला. थाप अशी सुरेख, की पलीकडची दोन पोरं वळून बघायला लागली.

"दुर्वाल," जुरेमा पाठीवर पडूनच म्हणाली, "मी पाय हलवलाच नाही."

तो उठला, पट्टा सावरला आणि खाली कॉफीला चल म्हणाला.

मग गास्पारच्या बेकरीत, कॉफी थंड होईस्तोवर, त्याने सगळं सांगितलं. खांद्याच्या ऑपरेशननंतर तालमीत त्याला कुणी जोडीला घेईना. पोरं एकतर त्याला काचेच्या भांड्यासारखं हाताळायची, नाहीतर चेंदामेंदा करायची. तेवढ्यात जुरेमा आली, नवी, धडपडी. महिनाभर तिला कात्री जमेना. एकदा ती जिन्यात बसून रडताना त्याला दिसली. ही उद्यापासून येणार नाही, हे त्याने ओळखलं. पुढच्या खेपेला तो थोडासा कलला, ती हसली, आणि दुसऱ्या दिवशी सातच्या आत हजर होती.

"एकदा पडलो," दुर्वाल म्हणाला, "मग न पडायचं धाडस होईना. तू गेलीस तर मी कुणाबरोबर खेळू?"

जुरेमाला त्याचा इतका राग आला, की कप त्याच्या डोक्यात घालावासा वाटला. आणि त्या रागाखाली लाज होती, ती जास्त जाळत होती. माणूस प्रेमाने खोटं बोलला की त्याच्याशी धड भांडताही येत नाही. ती पैसे ठेवून निघून गेली.

संध्याकाळी तिने वस्तादांना गाठलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, मला पट्टा नको. वस्तादांचा चेहरा कठोर झाला. पट्टा मागायचा नसतो, तसा नाकारायचाही नसतो, ते म्हणाले. दुर्वाल पडतो हे मला काय आज कळलं? मी तुझे पाय बघतो, तुझं रोजचं येणं बघतो. घ्यायचा की नाही ते तू ठरव, पण शनिवारी सगळ्यांसमोर नाही म्हणालीस, तर हा जिना पुन्हा चढायचा नाही. खोटा पट्टा बांधून रोज आरशासमोर उभं राहायचं, नाहीतर तालीमच सोडायची. तिसरा मार्ग एकच होता. त्या शनिवारच्या आत, पडायचं नसलेल्या दुर्वालला पाडायचं.

सकाळी ती नेहमीच्या वेळेला हजर झाली. दुर्वाल कोपऱ्यात पट्टा बांधत बसला होता, मान खाली. ती त्याच्यासमोर जाऊन पाठीवर पडली आणि पायांनी त्याला खेचलं.

"आता पडलास तर बघ," ती म्हणाली. "जीव गेला तरी पडायचं नाही."

बोलणं सोपं होतं. पहिले काही दिवस तर दुर्वाललाच न पडणं जमेना. तिने कॉलरला हात घातला की त्याचं अंग आपलं आपण कलायचं आणि हात गादीवर जाऊन आपटायचा. तुझा हात माझ्याआधी घरी पोचतो, असं जुरेमा त्याला टोचायची. तो ओशाळायचा, उठून बसायचा, पुन्हा कलायचा. तायनारा मग त्याच्या पाठीशी गुडघे टेकून बसायला लागली आणि तो कलला की त्याला मागून सरळ करायची. पोरं हसायची. हसू देत, म्हणायची जुरेमा.

इकडे घरी तिने सरावाच्या जुन्या फाटक्या किमोनोची कॉलर खिडकीच्या गजाला बांधली होती. चहा ठेवला की ओढ, भात शिजतोय तोवर ओढ. आधी ओढ, मग पाय. हात सुजले, बोटांची कातडी सोलली. दुकानात औषधाच्या बाटल्यांची झाकणं उघडेनात, गिऱ्हाइकंच उघडून द्यायची. तिच्या बहिणीने फोनवर विचारलं, या वयात कशाला हे डोहाळे? जुरेमाने तिला, रिसीव्हर खांद्यात धरून कॉलर ओढत ओढत, उत्तर दिलं की वय झालं म्हणूनच घाई आहे.

आणि मग एके दिवशी दुर्वाल पडायचा थांबला. थांबला तो असा, की याला थांबवलं तेच चुकलं की काय, असं तिला वाटलं. चाळीस टनांचा ट्रक अंगावर येत असताना लेन न सोडणारा माणूस तो. गुडघे रुंद करून, टाचांवर बसून, तो मागे रेलायचा आणि जुरेमा कॉलरला लोंबकळत राहायची. तिने जितकं ओढावं तितका तो मागे जायचा. एकदा वैतागून तिने म्हटलं, जरा तरी हल. दुर्वालचे डोळे भरून आले, पण तो हलला नाही. त्याच्यावर तिचा जीव त्या दिवसाइतका कधीच जडला नव्हता.

शनिवार उजाडला. तालमीत कागदी पताका लागल्या होत्या, कोपऱ्यातल्या टेबलावर उकडलेली कणसं, शेंगदाण्याची चिक्की आणि दुधात शिजवलेला गोड मका मांडला होता. त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, रुमालाखाली, घडी घातलेले नवे पट्टे होते. रुमालाच्या कडेने जांभळं टोक दिसत होतं. आधी रोजचा खेळ, मग पट्टे, मग जेवण, असा तिथला क्रम. जुरेमाने मनाशी ठरवलं होतं. जमलं नाही तर ती नाही म्हणणार, सगळ्यांशी हात मिळवणार आणि जिना उतरणार. किमोनोखाली तिने घरी जायचा सदराही घालून ठेवला होता.

शेवटच्या फेरीला वस्तादांनी नावं घेतली नाहीत. नुसतं दुर्वालकडे आणि तिच्याकडे पाहिलं.

ती पाठीवर पडली, त्याला पायांत घेतलं. ओढलं. तो मागे रेलला. पुन्हा ओढलं, पुन्हा रेलला. सोललेली बोटं आग ओकत होती. वेळ संपत आला हे तिला पोरांच्या शांततेवरून कळत होतं. तेव्हा तिच्या लक्षात आलं, की हा माणूस ओढ खायला तयार होऊन बसलाय. मी कधीची तेच करतेय जे याला हवंय. तिने ओढणं सोडलं. पोटावरच्या नडगीने त्याला उलटं मागे ढकललं, अगदी रागाने ढकललं. दुर्वालला ते अपेक्षित नव्हतं. मागे उलटू नये म्हणून त्याने सगळं अंग पुढे लोटलं.

जुरेमाने कॉलर ओढली. त्याचं वजन आलं. खरंखुरं, श्वास कोंडणारं, बस ड्रायव्हरचं वजन तिच्या नडगीवर आलं आणि तिचे पाय चालले.

थाप आली नाही. नुसता धप्प असा आवाज झाला, एखादं पोतं पडल्यासारखा. खाली बेकरीतल्या बशा खुळखुळल्या. जुरेमा दुर्वालच्या छातीवर बसली होती आणि दुर्वालचा उजवा हात, तो नावाजलेला हात, अजून तिची बाही घट्ट धरून होता. बाही सोडून गादीवर थाप मारायला त्याला वेळच मिळाला नव्हता. दुर्वालने आधी त्या हाताकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तिच्याही तेव्हाच लक्षात आलं, आणि तिला हुंदका फुटला.

टेबलाशी वस्ताद रुमाल उचलत होते. एवढ्यात जिन्यातून गास्पारचा आवाज आला. हा आवाज त्याच्या ओळखीचा नव्हता; हातातलं काम टाकून तो वर धावत येत होता, घाबरून विचारत, नवीन कोण पडलं, लागलं का कुणाला.

दुर्वालने पडल्यापडल्या मान वळवली.

"मी पडलो, गास्पार," तो म्हणाला. "मीच."