दिवंगत धाकटा भाऊ

आपण मेल्याची बातमी चष्मेवाल्याला दुकानातच कळली, दुपारचा चहा घेता घेता.

एका गिऱ्हाइकाचं भिंग त्यानं यंत्राला लावलं होतं. दगड फिरत होता, पाण्याची बारीक धार पडत होती आणि कड घासली जात होती. तोवर हातात कप धरून तो मोबाइलवर ग्रुपचे निरोप वाचत होता. एका निरोपावर त्याची नजर अडली. ‘माझा धाकटा भाऊ लहानपणीच गेला. हा भाग मी त्याच्याबरोबर पाहिला होता. म्हणून मनाला लागतो.’

लिहिणारा त्याचा सख्खा थोरला भाऊ होता.

ग्रुप होता ‘सोराकेन’च्या चाहत्यांचा. सोराकेन म्हणजे एक जुनी जपानी मालिका. वेधशाळेत पाऊसपाणी मोजणारा एक साधा माणूस संकट आलं की शिट्टी फुंकतो आणि डोंगराएवढा निळा-चंदेरी वीर होऊन राक्षसांशी झुंजतो. राक्षस रबरी, इमारती पुठ्ठ्याच्या, आणि राक्षसाच्या पाठीवरची चेन नीट बघितली तर दिसते. पण ज्यांनी ती कोवळ्या वयात पाहिली, त्यांच्या डोक्यातून ती काही जात नाही. आता हे लोक केस पांढरे करून बसले, तरी कुठल्या राक्षसाला किती शिंगं यावर हमरीतुमरीवर येतात आणि त्यांच्या मूर्ती जमवतात. चष्मेवाल्याची बायको त्यांना बाहुल्या म्हणायची. तो म्हणायचा, “बाहुल्या नाहीत, फिगर म्हणतात.” ती म्हणायची, “बरं, फिगर. धूळ मात्र बाहुल्यांसारखीच बसते.”

ग्रुपात कुणी खऱ्या नावानं नव्हतं. तो ‘भिंग’ होता. जनावरांची डॉक्टर असलेली एक बाई ग्रुप चालवायची, तिला सगळे डॉक्टरीणबाई म्हणत. ‘रबरशेठ’ नावाचा एक जण दातांच्या कवळ्या बनवायचा आणि उरलेल्या वेळात त्याच साच्यांच्या हिकमतीनं राक्षस ओतायचा. आणि एक होता ‘वेधशाळा’. कमी लिहायचा, पण लिहिलं की सगळे गप्प बसून वाचायचे.

वेधशाळा कोण, हे भिंगाला एका शब्दावरून कळलं होतं. कामुरो नावाच्या चिखलाच्या राक्षसाचा विषय निघाला, तेव्हा वेधशाळेनं सहज लिहिलं होतं, ‘आमच्या घरी त्याला चिखलोबा म्हणायचे.’ चष्मेवाल्याच्या हातून भिंग खाली पडलं. चिखलोबा हे नाव आता जगात दोनच माणसांना माहीत होतं, आणि त्यांतला एक तो स्वतः होता.

चिखलोबाचा भाग लागला त्या दिवशी ऐन मारामारीत घरची वीज गेली होती. चिखलोबाचं काय झालं म्हणून धाकट्यानं रडून घर डोक्यावर घेतलं. दुसऱ्या दिवशी दादा शाळेतून आला तो सांगतच, “समुद्रात गेला. सोराकेननं वाट करून दिली. आता खाली झोपलाय.” धाकटा त्यावर शांत झोपला. सोराकेननं चिखलोबाला भाल्यानं मारलं होतं, हे त्याला कळलं तेव्हा त्याला मिशा फुटल्या होत्या.

आई गेली त्या दिवसापासून दोघं बोलत नव्हते. ती यंत्रांवर होती. डॉक्टर म्हणाले, आता ताणण्यात अर्थ नाही, आणि दादानं होकार दिला. धाकटा दुसऱ्या गावाहून पोचला तोवर सगळं आटोपलं होतं. इस्पितळाच्या बोळात, मामा-मावश्यांच्या देखत तो ओरडला, “मारलीस तिला! माझी वाटसुद्धा पाहिली नाहीस. आजपासून मला भाऊ नाही.” दादानं मान वर केली नाही. तो आईच्या चपला पिशवीत भरत होता.

म्हणून शब्द ओळखीचा निघाला तरी चष्मेवाल्यानं आपली ओळख दिली नाही. पण ग्रुप सोडला, असंही केलं नाही. उलट सकाळी शटर वर केलं की आधी वेधशाळेचं काही आलंय का ते बघायचा. दोघं एकमेकांना ‘तुम्ही’ म्हणत. सोराकेनचा निळा रंग पहिल्या मूर्तीत गडद होता की फिका, यावर त्यांच्या तासन्‌तास गप्पा रंगत. सख्खा भाऊ असताना कधी जमली नव्हती, इतकी परकेपणी गट्टी जमली. बायकोला त्यानं सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, “मग फोन करा की. तोंडाला काय फडकं बांधलंय?”

“त्यानं करावा,” तो म्हणाला.

“हो, आणि तोही तिकडे हेच म्हणत बसला असेल.”

त्या दुपारचा वाद कामुरोवरूनच पेटला होता. डॉक्टरीणबाईंनी लिहिलं, ‘बिचाऱ्यानं काय बिघडवलं होतं? एक पूल मोडला, तोही पाय घसरून. मारायची काय गरज?’

रबरशेठनं लिहिलं, ‘मोडला तो मोडला. तुमच्या दवाखान्यावर घसरला असता म्हणजे?’

मग वेधशाळेनं लिहिलं, ‘काहींना परत जायला जागाच उरत नाही. त्यांना कुणीतरी सोडवावं लागतं. जो सोडवतो, त्याला पुढे जन्मभर शिव्या बसतात.’

हे कशाबद्दल आहे, ते चष्मेवाल्याला बरोबर उमगलं. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यानं लिहिलं, ‘थोडी वाट पाहायची होती.’

वेधशाळेनं लिहिलं, ‘कुणाची? वाट पाहा म्हणणाऱ्याला दुखत नसतं, भिंगराव. ज्याला दुखतंय त्याला विचारा.’

रबरशेठनं मधेच विचारलं, ‘वेधशाळा, तुम्हाला हाच भाग एवढा का हो लागतो?’ आणि त्याचं उत्तर म्हणून तो धाकटा भाऊ मेला होता.

पाठोपाठ हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. कुणी लिहिलं, भाऊ जाणं म्हणजे उजवा हात जाणं. डॉक्टरीणबाईंनी लिहिलं, इतकी वर्षं तुम्ही बोलला नाहीत, किती सोसलंत. सगळ्यांचं लिहून झालं. एकट्या भिंगाचं यायचं राहिलं. गप्प बसावं तर डोळ्यांवर येणार. चष्मेवाल्यानं टाइप केलं, ‘वाईट वाटलं.’ ते पाठवलं आणि यंत्राकडे वळला, तर भिंग प्रमाणाबाहेर घासलं गेलं होतं, फ्रेममध्ये बसवलं तर सैल खुळखुळायला लागलं. ते गेलं वाया.

गोष्ट इथं थांबली असती तरी चाललं असतं. पण रबरशेठ कनवाळू माणूस. त्याच्या मनानं घेतलं की या गेलेल्या धाकट्यासाठी काहीतरी करायचं. त्यानं हातानं कामुरो घडवला, आणि तोही भाला लागलेला नव्हे, तर गुडघे पोटाशी घेऊन झोपलेला. वेधशाळेनं त्याला तसा सांगितला होता. सभासदांपुरते नग ओतले आणि एका रविवारी दुपारी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर सगळ्यांनी जमायचं ठरलं. ग्रुपातले लोक पहिल्यांदाच एकमेकांची तोंडं पाहणार होते.

“जाऊ नका,” बायको म्हणाली. “स्वतःच्या शोकसभेला कुणी जातं का?”

“बघू तरी, मला कसा मारलाय ते.”

“कसाही मारलेला असो, तुम्हाला आवडणार नाही.”

तो गेला आणि मागच्या खुर्चीवर बसला. भिंतीकडेच्या टेबलांवर मूर्ती मांडल्या होत्या. एक म्हातारे गृहस्थ मूर्तीचा पाय उलटा करून तळव्यावरचा ठसा बघत होते आणि “अस्सल नाही, अस्सल नाही” म्हणत होते. मूर्तीचा मालक त्यांच्या अंगावर धावून जायच्या बेतात होता. एकूण हसतखेळत चाललं होतं. मग दादा पुढे आला. वाळला होता. सदरा दुसऱ्याचा घातल्यासारखा लोंबत होता.

त्यानं बोलायला सुरुवात केली आणि त्याच वेळी त्याला मागच्या रांगेतला भाऊ दिसला. जेमतेम एक घोट गिळण्याइतका तो थांबला. मग बोलत राहिला.

आणि बोलला असा, की कुणाच्या डोळ्याचं पाणी खळू नये. धाकटा कसा त्याच्या पांघरुणात घुसायचा. पडद्यावर राक्षस आला की दादाच्या हाताला नखं कशी रुतवायचा. वीज गेली तेव्हा कसा ओक्साबोक्शी रडला. यातलं अक्षरही खोटं नव्हतं. खोटं एवढंच, की पुढे एका आजारात तो गेला. “जाताना मला विचारलं, चिखलोबा कुठाय? मी म्हटलं, झोपलाय. तूही झोप.”

डॉक्टरीणबाई रुमाल शोधायला लागल्या. चष्मेवाल्याच्या शेजारचा माणूस मुसमुसत होता. त्यानं चष्मेवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “अहो, तुमच्या तर चेहऱ्याचा रंगच उडाला.”

चहाच्या वेळी दोघं जिन्यात भेटले. दादा कठड्याला टेकून उभा होता.

“तू भिंग?” दादानं विचारलं.

“हो.”

“वाटलं होतं. कुणी एवढं नुसतं वाट पाहा, वाट पाहा करत नाही.”

“मला मारलंस?”

“तूच म्हणालास ना, मला भाऊ नाही? तू म्हणालास भाऊ नाही, मी म्हणालो मेला. एकाच मापाचं झालं. फरक एवढाच, माझ्या बोलण्यावर लोक रडले.”

“खोटं सांगून रडवलंस.”

“मग काय सांगायचं? जिवंत आहे, दुकान आहे, बायको आहे, पण तोंड बघत नाही? असं म्हटलं की पुढचं विचारतात, का म्हणून. मेलेल्याबद्दल कुणी का म्हणून विचारत नाही.”

खालून कुणीतरी पेल्यांचा ट्रे घेऊन वर आलं. दोघं भिंतीला चिकटून उभे राहिले, ट्रे जाऊ दिला. मग चष्मेवाल्यानं इतकी वर्षं गिळून ठेवलेलं विचारलं.

“आईनं माझं नाव काढलं होतं?”

“रोज.”

“मग?”

“मग काय? मी सांगायचो, निघालाय, वाटेत आहे. गाडी चुकली, पुढच्या गाडीनं येतोय. आजारपणभर तू वाटेतच होतास. तिनं विश्वास ठेवला. तुझ्याहून तीच शहाणी, मी सांगितलेलं ऐकायची.”

“दुकान नवीन होतं, दादा. बंद ठेवलं असतं तर...”

“हो, तेही तिला सांगितलं नाही.”

तेवढ्यात डॉक्टरीणबाई दारात आल्या. “अरे वा, तुमची आधीची ओळख आहे का?”

“नाही,” दादा म्हणाला. “हे भिंगराव. माझ्या भावाबद्दल विचारत होते.”

“खरंच वाईट झालं हो,” बाई चष्मेवाल्याला म्हणाल्या. त्याला मान हलवावी लागली. निघताना त्याच्या हातात झोपलेल्या कामुरोचा खोका आला. मूर्तीच्या तळाशी कोरलं होतं, ‘धाकट्यासाठी’. त्यानं तो खोका घरी नेला नाही. कुठं ठेवला, ते बायकोनंही विचारलं नाही.

त्यानंतर वेधशाळा सगळ्यांना उत्तरं द्यायचा, भिंगाला सोडून. भिंगानं दोनदा मुद्दाम चुकीचं लिहिलं, एकदा तर सोराकेनची शिट्टी पितळेची म्हणून लिहिलं, की आता तरी खोडून काढेल. रबरशेठनं खोडून काढलं. चष्मेवाल्यानं मग ग्रुप सोडला.

पुढे बऱ्याच महिन्यांनी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. “भिंगराव, वेधशाळा इस्पितळात आहेत हो. बरं दिसत नाही. जवळचं कुणी नाहीये ना त्यांना, आई गेली, भाऊ तर लहानपणीच गेला. आम्ही ग्रुपवालेच पाळीपाळीनं जातो. मंगळवार रिकामा आहे. जमेल तुम्हाला?”

“जमेल,” तो म्हणाला. मंगळवारी त्यानं दुकान बंद ठेवलं.

दादा खाटेवर पसरला होता, नाकात नळी. डोळे मात्र टक्क उघडे. भावाला बघून त्यानं खिडकीच्या पडद्याकडे तोंड फिरवलं, मग परत वळवलं.

“दुकान?”

“बंद ठेवलं.”

“हं. आईच्या वेळी नवीन होतं, नाही का.”

चष्मेवाला स्टुलावर बसला. त्यानं मोसंबं सोललं, फोडीतल्या बिया काढल्या. दादानं दोन फोडी खाल्ल्या, तिसरीला नको म्हणाला. मग चष्मेवाल्यानं त्याच्या हातावर हात ठेवला. दादानं हात ओढून घेतला नाही, पण तो धरलाही नाही. पायपुसण्यावर पाय पडावा तसा हात त्या हातावर पडून राहिला.

“दादा, त्यांना सांगतो आता. मी कोण ते.”

“कशाला? रबरशेठनं एवढी मूर्ती केली. त्या बाई रडल्या. आता तू उठून जिवंत होणार, आणि मी तोंड कुठं लपवू? इथं रोज कुणीतरी येतं, ते त्या मेलेल्या पोरापायी येतं. तुझ्यापायी कोण येणार होतं?”

चष्मेवाल्यानं उरलेल्या फोडी बशीत ठेवल्या.

संध्याकाळी परिचारिका आली, सलाइनची बाटली बदलली आणि म्हणाली, “भेटीची वेळ संपली. फक्त घरचे थांबू शकतात. तुम्ही घरचे का?”

चष्मेवाल्यानं दादाकडे पाहिलं. दादा थेंब थेंब पडणाऱ्या बाटलीकडे बघत होता.

“ग्रुपमधले आहेत,” तो म्हणाला. “जातील आता.”

चष्मेवाला उठला. मोसंब्याची सालं कागदात गुंडाळली, स्टूल खाटेखाली सारलं आणि गेला. बुधवारची पाळी रबरशेठची होती.