बुधवारचे दोन डबे

पहिला घास तोंडात घातला आणि कळलं की हा बटाटा आहे.

प्रयोगशाळेत त्या दिवशी जेवायला उशीर झाला होता. पाण्याचे नमुने यंत्रात लागलेले होते, ते मधेच सोडता येत नव्हते. एकला दहा मिनिटं असताना मी हात धुतले, डबा उघडला आणि चमच्यानं वरचा तपकिरी थर फोडला. झाकणावर चिकटपट्टी होती, तिच्यावर माझ्याच अक्षरात सोळा. सोळा म्हणजे फ्लॉवर. तोंडात मात्र बटाटा.

खात्री करायला दुसरा घास घेतला. बटाटाच.

म्हणजे अठ्ठावन्नची पट्टी लावलेल्या डब्यात फ्लॉवर होता, आणि तो डबा माझ्या मुलीनं अर्ध्या तासापूर्वी खाल्ला होता.

आमच्या घरात डब्यावरचा आकडा म्हणजे आतल्या जेवणातली कर्बोदकं, ग्रॅममध्ये. लेक नऊ वर्षांची असताना तिला मधुमेह निघाला, लहान मुलांना होतो तो. तेव्हापासून जेवायच्या आधी ती आकडा बघते, दहानं भागते आणि तेवढे युनिट इन्सुलिन टोचून घेते. आता ती पंधराची आहे. तिचा बाप तिला बेडकी म्हणतो, कारण ती जमिनीवर कमी आणि पाण्यात जास्त असते. आज पोहण्याची आंतरशालेय स्पर्धा होती. तिची दोनशे मीटरची शर्यत सव्वाला होती.

अठ्ठावन्न वजा सोळा, बेचाळीस. चार युनिट जास्त. एका युनिटला तिची साखर चाळीस-पंचेचाळीसनं उतरते. पुढचा गुणाकार मी केला नाही, पण तो होऊनच गेला. इन्सुलिनचा जोर तासाभरानं येतो. सव्वाबाराला टोचलं, तर सव्वाला. म्हणजे पाण्यात.

तिचा फोन बंद होता. स्पर्धेच्या दिवशी सगळ्या मुलींचे फोन पिशवीत आणि पिशव्या कपाटात, असा नियमच आहे.

नवऱ्याला लावला. तो लिफ्ट दुरुस्त करतो. दोनदा वाजून बंद झाला, तिसऱ्यांदा उचलला. मागे साखळीचा आवाज येत होता.

"बोल पटकन, मी खड्ड्यात आहे."

"डब्यांच्या पट्ट्या तू हलवल्यास?"

"हलवल्या नाहीत, लावल्या. सकाळी फ्रीज उघडला तर दोन पट्ट्या खाली पडलेल्या. तुझी ती प्रयोगशाळेची पट्टी संपली आणि तू साधी आणलीस ना, ती ओलीनं सुटली."

"मग कुठली कुठे लावायची हे कसं ठरवलंस?"

"अगं, वजन केलं." त्याच्या आवाजात थोडा अभिमान होता. "उघडून बघितलं, दोन्ही वरून सारखेच. तूच म्हणतेस ना, अंदाज करू नका, मोजा. बटाटा जड. जड डब्याला अठ्ठावन्न, हलक्याला सोळा."

मी डोळे मिटले. रविवारी फ्लॉवर उरला होता. वाया कशाला घालवायचा म्हणून मी तो सगळा माझ्या डब्यात दाबून भरला होता.

"या वेळी जड तो फ्लॉवर होता," मी म्हणाले.

साखळीचा आवाज थांबला.

"ती पाण्यात कधी उतरते?"

"सव्वाला."

"तू जवळ आहेस. जा. मी शाळेत लावतो."

"शाळेत मी लावते. तू तिच्या पोहण्याच्या मॅडमना लाव, आणि लावत राहा."

शाळेच्या कार्यालयातल्या बाई शांत होत्या. "सगळे तलावावर गेलेत हो. इथं मी आणि पंखा. निरोप लिहून घेऊ?"

"लिहू नका. कुणाला तरी पळत पाठवा."

"पाठवू कुणाला? पंख्याला?" मग माझा आवाज त्यांच्या ध्यानात आला असावा. "बरं, थांबा, बघते. थांबा हं."

मी थांबले नाही. चहाच्या कपाटातून साखरेचा डबा आणि पाण्याची बाटली उचलली आणि मागच्या दारानं बाहेर आले. नमुने आणणारी गाडी उभी होती. ड्रायव्हरकाका पाय वर घेऊन भाकरीचा तुकडा मोडत होते.

"काका, तलाव. आत्ता."

"आत्ता म्हणजे जेवण झाल्यावर आत्ता, की—" त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि तुकडा तसाच ठेवून किल्ली फिरवली. "बसा. मागे बर्फाच्या पेट्या आहेत, आदळतील. घाबरू नका."

एक वाजून दोन मिनिटं.

आठवड्याचं जेवण आम्ही रविवारी ठरवतो आणि रविवारीच बरंचसं करून ठेवतो. मी सातला निघते, नवऱ्याला तर कधीही बोलावणं येतं, लेकीचा सराव पहाटेचा. रोज सकाळी उठून आज काय करू हा प्रश्न आमच्या घरात परवडत नाही. म्हणून फ्रीजच्या दारावर एक तक्ता असतो. आठवड्याला दोन कडधान्यं, तीन भाज्या, एकदा अंडी, एकदा चिकन. तेच पदार्थ फिरवून घ्यायचे. सोमवारचा उरलेला भात मंगळवारी, आणि उद्याचं परवावर ढकलायचं नाही. सासूबाई त्या तक्त्याला वेळापत्रक म्हणतात. "गाडी वेळेवर सुटली का गं?" असं विचारतात जेवायला बसताना.

आकडा आधी फक्त लेकीच्या डब्यावर असायचा. सातवीत ती एक दिवस डबा घरी तसाच घेऊन आली. वर्गात कुणीतरी विचारलं होतं, तुझ्या डब्यावर किंमत का लिहिलीये? त्या रात्री ती म्हणाली, "मी एकटीच मोजलेलं का खायचं?" म्हणून आम्ही सगळ्यांचे डबे एकसारखे स्टीलचे आणले आणि सगळ्यांच्याच डब्यावर आकडा टाकायला लागलो. नाव टाकू का म्हटलं तर म्हणाली, मी बालवाडीत नाही. आपापला आकडा तक्त्यावर बघायचा आणि डबा उचलायचा. सासूबाईंनी कटकट केली, "मी काय औषधाची बाटली आहे?" पण पुढच्या आठवड्यापासून त्याच विचारायला लागल्या, "माझे आज किती?"

हे सगळं मी चांगलं केलं असं मला वाटत होतं. या आठवड्यात, शर्यतीच्या दिवशी तिला बटाटा, बाकी आम्हाला फ्लॉवर. खाली चिकन आणि टोमॅटो, वर कुस्करलेला लगदा, ओव्हनमध्ये भाजलेला. दोन्ही एकसारखे दिसले पाहिजेत म्हणून वरून चीजसुद्धा मीच मोजून घातलं होतं.

"बाई, सिग्नल," काका म्हणाले.

"किती सेकंद?"

"नव्वद." त्यांनी आरशात माझ्याकडे बघितलं. "मुलगी आहे ना? माझ्या दोन आहेत. डावीकडून घालतो, बाजाराच्या गल्लीतून. कुणी शिव्या दिल्या तर तुम्ही कान बंद करा, मला सवय आहे."

गल्लीत एक हातगाडी आडवी होती. काकांनी हॉर्न वाजवला नाही, खाली उतरून स्वतःच ती बाजूला केली. कुणीतरी खरंच शिव्या दिल्या. मागे पेट्या आदळत होत्या. एक वाजून नऊ.

नवऱ्याचा फोन आला. "मॅडम उचलत नाहीत. कशा उचलतील, तोंडात शिट्टी आहे त्यांच्या. पोचलीस?"

"नाही."

"ती पाण्यात उतरायच्या आधी बोट टोचून बघते ना? बघेल ती. कमी दिसली तर उतरणार नाही."

"अजून कमी दिसणार नाही. तेच तर आहे." एकच्या सुमाराला तिचा साखरेचा आकडा छान आला असता. जिना चढून माणूस वरच्या पायरीवर उभा असावा आणि पायरी हळूच काढून घ्यावी, तसं. हे मी त्याला सांगितलं नाही. "ठेव," म्हणाले.

आणखी एक गोष्ट होती, ती मला गाडीत सारखी आठवत होती. गेल्या वर्षी मी तलावावर गेले होते. शर्यतीच्या आधी सगळ्या मुलींसमोर तिच्या हातात फळांच्या रसाची बाटली दिली होती. ती चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी आमचा करार झाला. ती आकड्याला धरून राहील, एक ग्रॅम इकडे नाही की तिकडे नाही. आणि मी तलावाच्या कडेला पाऊल टाकणार नाही.

तिनं करार पाळला होता. आजही. नेमकं म्हणूनच ती धोक्यात होती.

फाटकावर पहारेकरी होता. "पालक वर, गॅलरीत."

"मी पालक म्हणून आले नाही," असं काहीतरी मी म्हणाले आणि आत गेले. बुटांसकट. मागून तो "ओ बाई, बूट, बूट" असं ओरडत राहिला. आत क्लोरीनचा वास डोळ्यांत गेला. दोनशे मीटरच्या मुली ओळीनं उडी मारायच्या ठोकळ्यांमागे उभ्या होत्या. चौथ्या ठोकळ्यामागे ती होती. टोपी घातलेली, हात खांद्यांतून फिरवत. तिनं मला बघितलं आणि हात थांबले.

मी जवळ जाईपर्यंत तिचा चेहरा पार बंद झाला होता.

"आई, नाही," ती दातांतल्या दातांत म्हणाली. "आपलं ठरलंय."

"तुझ्या डब्यात सोळा होतं."

"मी बघितलंय आकडा. आत्ता पाचेक मिनिटांपूर्वी. एकशे अठ्ठावीस. जा ना तू."

"टोचलंस कधी?"

"सव्वाबाराला. डब्यावर अठ्ठावन्न होतं, सहा युनिट."

"पट्ट्या बदलल्या गेल्या. आत फ्लॉवर होता. तुझा बटाटा मी खाल्ला."

मागून मॅडम आल्या, शिट्टी गळ्यात. "काय चाललंय? पंच बघतायत. बाई, तुम्ही इथं उभ्या राहू शकत नाही."

मी मॅडमकडे बघितलं नाही. हात पुढे करून तिचा दंड धरावा, तिला तिथून ओढावं असं मला फार वाटलं. ती माझ्यापेक्षा उंच झाली आहे, खेचली तर आली नसती. आणि आली असती तर पुन्हा कधीच माझ्याजवळ आली नसती. मी साखरेचा डबा दोन्ही हातांत घट्ट धरून उभी राहिले.

"चार युनिट जास्त आहेत अंगात," मी म्हणाले. "तू कर हिशेब."

तिचे डोळे किंचित वर गेले, तोंडी गणित करताना जातात तसे. मग लांब शिट्टी झाली. सगळ्या मुली ठोकळ्यांवर चढल्या. तीन नंबरची, पाच नंबरची. ती हलली नाही.

"चौथी लेन!" पंच ओरडले.

तिनं टोपी काढली.

"मी नाही," ती म्हणाली. आवाज बारीक आला, म्हणून पुन्हा म्हणाली, मोठ्यानं. "चौथी लेन रिकामी."

बाकीच्या सातजणींनी उडी मारली. पाणी आमच्या पायांवर उडालं.

बाकावर बसून तिनं बोट टोचलं. एक्याऐंशी. पाण्यात साखर ढवळायला चमचा नव्हता. मी बाटलीतच साखर ओतली, झाकण लावून हलवली. ती पीत असताना शर्यतीचा तिसरा फेरा चालू होता. दहा मिनिटांनी एकसष्ट. तिच्या वरच्या ओठावर घाम आला होता आणि हात थरथरत होते. तिनं आणखी साखर प्यायली. आम्ही दोघी त्या छोट्या यंत्राच्या पडद्याकडे बघत बसलो. अठ्ठ्याहत्तर. मग ब्याण्णव.

"मला कळलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"फ्लॉवर आहे ते. दुसऱ्या घासाला. मला काय चव कळत नाही?"

"मग?"

"मग काय. मला वाटलं, तू गुपचूप थोडा फ्लॉवर मिसळला असशील, पौष्टिक म्हणून. पण आकडा त्याचा धरूनच लिहिला असशील." तिनं खांदे उडवले. "तुझा आकडा चुकतो का कधी?"

"चुकतो," मी म्हणाले.

मॅडम परत आल्या. या वेळी आवाज मऊ होता. "वडिलांचे सतरा फोन येऊन गेलेत. बरी आहेस ना? नशीब. अडीचला रिले आहे. तिसरा टप्पा तुझा. तोवर ठीक होशील का? तुझ्याशिवाय आपली चौकडी लंगडी आहे गं." मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुमचं काय म्हणणं?"

मला उत्तर माहीत होतं. ते इन्सुलिन चारपर्यंत अंगात राहणार होतं, आणि साखर आत्ता वर आलेली दिसली तरी पुन्हा बसणार होती. हे वाक्य जिभेवर तयार होतं. लेक माझ्याकडे बघत होती. तेही तिला माहीत होतं, की वाक्य तयार आहे.

"तिला विचारा," मी म्हणाले.

तिनं तलावाकडे बघितलं. तिच्या तीन मैत्रिणी पलीकडच्या कडेला पाय पाण्यात सोडून बसल्या होत्या आणि इकडेच बघत होत्या. एकीनं हातानं विचारलं, काय?

ती उठली. "धाकट्या गटातली ती बुटकी आहे ना, तिला घ्या. सुरुवात हळू आहे तिची, म्हणून तिसऱ्या नाही, दुसऱ्या टप्प्याला घ्या. मी तिला सांगते." दोन पावलं गेली आणि वळली. "आई, तू आलीच आहेस तर बस. पण बूट काढ."

मी बूट काढले. ती पलीकडे गेली, मैत्रिणींमध्ये वाकून काहीतरी बोलली. एकीचा चेहरा पडला. मागे बसलेली बुटकी उभी राहिली आणि घाईघाईनं केस टोपीत कोंबायला लागली. लेकीनं तिची टोपी नीट केली. मग ती परत आली आणि माझ्या बाकावर नाही, पुढच्या बाकावर, माझ्याकडे पाठ करून बसली. यंत्र मांडीवर. दर पंधरा मिनिटांनी ती बोट टोचत होती आणि आकडा मला दिसेल इतपत हात बाजूला धरत होती.

अडीचला रिले सुटली. दुसऱ्या टप्प्याला बुटकीनं उडी मारली, जरा उशिरानं. लेक बाकावर उभी राहिली आणि घसा फाटेपर्यंत ओरडली, "मार! मार पाय, बघू नको बाजूला, मार!"