अन्योसिसे येतोय

या, जवळ सरकून बसा. आमच्या रुंग्वेच्या डोंगरावरची एक गोष्ट सांगते.

ईस्टरला उजाडताच आम्ही गात गात दफनभूमीत जातो. वर्षभरात गेलेल्यांची नावं चर्चचे पाळक गाऊन पुकारतात आणि घरचं माणूस "हजर!" म्हणतं, कारण एक दिवस ती माणसं कबरीतून उठणार आहेत. यंदा तुसाजिग्वेच्या नवऱ्याचं, अन्योसिसेचं, नाव होतं. तो गेल्यापासून तिच्या तोंडून धड शब्द फुटला नव्हता.

"वहिनी, जमेल ना? नाहीतर मी म्हणते," नणंद कुजबुजली.

"हजर कसं म्हणू गं? मातीत आहे तो. खोटंच होईल ते."

पाळकांनी सूर लावला, "अन्योसिसेऽऽ!"

त्यांनी पुन्हा हाक दिली. नणंद तोंड उघडणार तोच तुसाजिग्वे ओरडली, "येतोय, पाळकसाहेब! जन्मात कधी प्रार्थनेला वेळेवर आलाय का तो? पण शेवटच्या गीताला यायचाच!"

सगळी दफनभूमी हसली. "मग जागा धरून ठेव, बाई!" पाळक म्हणाले. तीही हसली, मग पोटभर रडली, आणि पुढच्या गीतात तिचाच आवाज सगळ्यांच्या वर होता.

तुम्ही प्रार्थनेला बसाल तेव्हा आमच्या अन्योसिसेची आठवण ठेवा. त्याला जरा उशीर होतोय, इतकंच.