मधोमध टांगलेलं झुंबर

विहाराची इमारत पुरी झाली, चुन्याचे हात मारून झाले, आणि मग वसाहतीतल्या लोकांच्या लक्षात आलं की आतल्या दिव्यांचा विचार कुणी नीट केलेलाच नाही. छत कमानदार होतं, लेण्यातल्या चैत्यासारखं. भिंतींवर दिवे लावले की खाली उजेड पडायचा आणि वरची गोलाई काळी राहायची. लांब वायरला बल्ब सोडून पाहिले, तर ते वाऱ्यानं हलायचे, आणि वंदनेला बसलेल्या माणसांच्या सावल्या भिंतींवर डुलायच्या.

एकोणऐंशी सालचा उन्हाळा होता तो. बुद्धपौर्णिमा तोंडावर आली होती.

"दिव्यांची काळजी कशाला करताय?" शकुबाई बैठकीत उभी राहून म्हणाली. "ह्यांनी झुंबर आणून ठेवलंय. विहारासाठीच आणलं होतं."

'हे' म्हणजे तिचा नवरा सावळीराम. ओझरच्या विमानाच्या कारखान्यात फिटर होता. इगतपुरीला एका जुन्या बंगल्यातलं सामान विकायला निघालं, तेव्हा हे पितळी, काचेच्या फुलांचं झुंबर त्यानं हौसेनं आणलं. विहाराच्या विटा रचल्या जात असतानाच काविळीनं तो गेला. झुंबर शकुबाईच्या खाटेखाली गोणपाटात गुंडाळून पडलं होतं.

बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या. फक्त तिच्या दिरानं, निवृत्तीनं, मान हलवली नाही. तो वायरमन. विहाराचं सगळं वायरिंग त्यानंच केलं होतं.

"वहिनी, ते फार जड आहे," तो शेवटी म्हणाला. "कमान विटांची आहे. मधोमध एवढं ओझं टांगायला मला धीर होत नाही."

"मग तुमचं काय म्हणणं?"

"भिंत संपून गोलाई सुरू होते ना, तिथं सगळीकडून पट्टी पुढं आलीय. तिच्यावर ट्यूबा आडव्या ठेवायच्या, तोंड वर करून. खालून दिसणार नाहीत. उजेड पांढऱ्या छतावर पडेल आणि तिथून खाली येईल."

शकुबाईला ते पटलं नाही. दिवा काय लपवून ठेवायची वस्तू आहे? आणि मनात दुसरंच टोचलं. थोरल्या भावाचं नाव विहारात मधोमध झळकावं, हे धाकट्याला बघवत नसेल. तिनं ते बोलून दाखवलं नाही, पण त्या दिवसापासून निवृत्तीच्या घरची पायरी चढली नाही.

वसाहतीचे पंच कारभारीअण्णा दोघांच्या मध्ये पडले. "निवृत्ती, वहिनीची इच्छा आहे. काहीतरी जमव." निवृत्तीनं मग कमानीच्या माथ्यावर भोक पाडलं, सिमेंट भरून जाड लोखंडी आकडा बसवला. सिमेंट चांगलं सुकू द्यावं, झुंबर पौर्णिमेनंतर लावू, असं त्याचं म्हणणं.

"पौर्णिमेनंतर कोण बघणार आहे?" शकुबाई म्हणाली. "तुम्हाला लावायचंच नाही, असं सरळ सांगा ना."

निवृत्तीचा चेहरा पडला. "लावतो," एवढंच म्हणाला.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, झुंबर वर चढलं. बायका खाली चटया टाकून वंदनेचा सराव करत होत्या, पुढं भिमाबाई. तिचा आवाज सगळ्यांत खडा. निवृत्ती बांबूच्या परांचीवर उभा राहून शेवटचा बल्ब बसवत होता. परांचीचा पाय कारभारीअण्णांनी धरला होता. शकुबाई बटणापाशी.

"दाबा वहिनी."

तिनं बटण दाबलं. काचेची फुलं एकदम पेटली. सराव थांबला, बायकांनी माना वर केल्या, कुणीतरी हात जोडले. हे बघायला ते हवे होते, असं शकुबाईला वाटत असतानाच त्या उजेडात काहीतरी पांढरं तरंगत खाली आलं. भिमाबाईच्या केसांवर बसलं. मागून आणखी आलं.

शकुबाईनं वर पाहिलं. आकड्याभोवती बारीक काळी रेघ फिरली होती.

एवढा हट्ट केला, सगळ्यांसमोर दिराला बोलले, आणि आता आपणच ओरडायचं? भिमाबाई पुन्हा गायला लागली. पांढरी भुकटी तिच्या खांद्यावर पडली.

"उठा!" शकुबाई किंचाळली. "बायांनो, उठा! बाहेर व्हा! अगं भिमाबाई, ऊठ!"

बायका गोंधळल्या, मग पोरं काखेत मारून दाराकडे धावल्या. शकुबाईनं मेन स्विच खाली ओढला. उजेड गेला. खिडक्यांतून येणारा संध्याकाळचा करडा प्रकाश तेवढा उरला, आणि त्यात वरून खरकन आवाज आला. आकडा वीतभर खाली सरकला.

निवृत्तीनं झुंबराची दांडी दोन्ही हातांनी पकडली. झुंबराखाली खांदा लावला. परांची करकरली.

"धरलंय मी," तो धापा टाकत म्हणाला. "अण्णा, खाली टेबलं लावा. गाद्या आणा."

"हलू कसा?" कारभारीअण्णा ओरडले. "मी सोडलं तर परांची जाईल!"

शकुबाईला दिसत होतं. बांबू बांधलेला सुंभ एका गाठीपाशी सुटत चालला होता. निवृत्तीच्या पायाखालची फळी कलत होती.

"भाऊजी, सोडा ते!"

"नाही वहिनी."

"अहो, सोडा म्हणते ना!"

"दादाचं आहे ते!" त्याचा आवाज फाटला. "त्याचं म्हणून माझ्याकडं दुसरं काय आहे?"

ह्या माणसाबद्दल आपण काय काय मनात धरून बसलो होतो! सुंभाचा आणखी एक पीळ उलगडला.

शकुबाई परांचीच्या जवळ गेली. ओरडली नाही आता. "भाऊजी, ते गेले तेव्हा मी धरून ठेवू शकले नाही. तुम्ही तरी राहा. सोडा."

निवृत्तीनं हात सोडले आणि खांदा काढला.

झुंबर कोसळलं त्या आवाजानं वसाहतीतली कुत्री भुंकायला लागली. काचा भिंतीपर्यंत उडाल्या. परांची अण्णांच्या हातून सुटली आणि कलंडली. निवृत्ती एका बांबूला लोंबकळत, घासत खाली आला आणि पडला. खांदा निखळला होता, तळहात सोलले होते. पण तो बोलत होता. शकुबाईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

"सिमेंट ओलं आहे हे मला ठाऊक होतं," तो म्हणाला. "रागाच्या भरात लावलं मी."

"आणि मी लावायला लावलं," ती म्हणाली. "गप पडा आता."

सकाळी दवाखान्यातून तो हात गळ्यात बांधून थेट विहारात आला. शकुबाईनं आणि भिमाबाईनं फरशी झाडून काढली होती. शिडीवर वसाहतीतले दोघेजण ट्यूबा घेऊन तयार होते.

"त्या पट्टीवर कशा ठेवायच्या म्हणाला होतात?" शकुबाईनं विचारलं.

तो खाली स्टुलावर बसून सांगत राहिला. आधी ट्यूबा भिंतीला चिकटवल्या, तर छतावर पट्टे उमटले. पुढं ओढल्या, तर खालून डोळ्यांवर आल्या. दुपारभर मागंपुढं करणं चाललं. शकुबाई दाराशी उभी राहून हातानं खुणा करत होती, थोडं आत, अजून थोडं आत.

पौर्णिमेच्या संध्याकाळी ट्यूबा लुकलुकल्या आणि पेटल्या. दिवा कुठं दिसेना, पण सगळी गोलाई एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उजळली, आणि तिथून उजेड अलगद माणसांच्या अंगावर उतरला. कुणाची सावली कुणावर पडत नव्हती.

शकुबाईची नजर माथ्यावरच्या भोकाकडे गेली. घाईत भरलेला चुना अजून ओला दिसत होता. मधली ती मोकळी जागा तिला खुपली, बराच वेळ खुपत राहिली. भिमाबाईनं सूर धरला तेव्हा निवृत्ती दाराजवळच्या गर्दीत, दुखरा हात सांभाळत उभा होता.

"भाऊजी," तिनं चटईवर थोडं सरकत हाक मारली, "तिथं धक्के लागतील. इथं बसा माझ्या शेजारी."