कामरगावातली सागवानी लाँच

दौलतसिंगाने ती लाँच आणली होती ती कापायला. धरणाच्या काठी एका मोडक्या पत्र्याच्या शेडमध्ये ती वर्षानुवर्षं पडून होती. पाण्यावर फिरून पाहणी करायला कधीकाळी कुणीतरी आणलेली, मग इंजिन निघालं आणि उरलेला सांगाडा सगळे विसरून गेले. भंगाराच्या लिलावात जुन्या पाइपांबरोबर ती दौलतसिंगाच्या वाट्याला आली. तांड्यावर त्याचं नवं घर उभं राहत होतं. बोटीचं लाकूड सागवान आहे एवढं त्याला कळलं होतं, आणि तेवढं पुरे होतं. क्रेनने उचलून त्याने ती लांब ट्रकवर ठेवली आणि कामरगावात शालिकराम मिस्त्रीच्या कारखान्यापुढे उतरवली.

"घराच्या सगळ्या चौकटी निघाल्या पायजे," तो म्हणाला. "उरलं तं एक दिवाण करजा."

शालिकरामने मान हलवली. साठीला टेकलेला हा माणूस. त्याचा बाप बैलगाड्या करायचा, वखर-तिफणी करायचा, आणि शालिकरामचं तरुणपणही त्याच कामात गेलं. पुढे गाड्या बंद झाल्या, तसा तो दारं, कपाटं आणि प्लायवूडचे शोकेस करू लागला. सगळी चौकोनी कामं. गुण्या लावायचा, रेघ मारायची, कापायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पत्रीने बोटीचा रंग खरवडायला घेतला. निळ्याखाली पांढरा निघाला, पांढऱ्याखाली हिरवा, त्याच्याखाली गेरूसारखा लाल, आणि मग लाकूड. मधाच्या रंगाचं. इतकी वर्षं कबुतरांच्या विष्ठेत पडलेल्या त्या फळीतून सागाचा तेलकट वास आला, जणू कालच रंधा फिरला होता. शालिकराम जरा थांबला. मग कापायची रेघ मारायला म्हणून त्याने सूत काढलं आणि फळीवर ताणून धरलं.

सूत मध्ये टेकलं आणि दोन्ही टोकांना हवेत राहिलं. त्याने खालची फळी धरली. तिथेही तेच. उभं धरलं, आडवं धरलं. नाकापासून शेपटापर्यंत तीस फूट लांबीच्या त्या बोटीत त्याला हातभर सरळ लाकूड सापडेना. प्रत्येक फळी मध्ये रुंद होती आणि टोकांकडे निमुळती होत गेली होती. शिवाय ती नुसती वाकलेली नव्हती, तिला पीळ होता. मध्यावर आडवी झोपलेली फळी पुढे सरकता सरकता हळूहळू उभी होत होती, आणि नाकाशी दोन्ही बाजूंच्या फळ्या अशा येऊन मिळत होत्या की सांध्यात नखही जात नव्हतं.

तो आत शिरला. आतून बोट एखाद्या मोठ्या जनावराच्या छातीसारखी दिसत होती. मधोमध कणा, दोन्हीकडे फासळ्या. बोटीचे खरे शब्द त्याला ठाऊक नव्हते, म्हणून त्याने हेच शब्द धरले. प्रत्येक फासळीला प्रत्येक फळी तांब्याच्या खिळ्याने जोडलेली होती, आणि प्रत्येक खिळ्याचं टोक आतून तांब्याच्या चकतीवर ठोकून चपटं केलेलं होतं. असे खिळे शेकड्याने होते. त्याने फासळ्यांच्या कडांवरून हाताचं बोट फिरवलं. पटाशीचे घाव अजून जाणवत होते, आणि ते सगळे उलट्या अंगाने पडलेले होते. करणारा डावखुरा होता तर. कुठला होता, कधीचा, काही कळायला मार्ग नव्हता. पण हात कळत होता.

प्रयागबाई चहा घेऊन आली तेव्हा तिचा नवरा बोटीच्या तळाशी बसला होता.

"काय झालं? कापणं सुरू नाई केलं?"

"कुठून कापू?" तो म्हणाला. "चाळीस वर्सं लाकूड हातात हाय माया. असं लाकूड म्या नाई पाह्यलं."

आठवड्याने दौलतसिंग आला. बोट होती तिथेच होती, फक्त एका बाजूचा रंग पूर्ण निघाला होता आणि सकाळचं ऊन त्या बाजूवर पडलं होतं.

"मिस्त्री, चौकटी कुठं हायेत?"

शालिकरामने त्याच्या हातात सुताचं एक टोक दिलं. "धरा. टेकवा कुठंबी."

दौलतसिंगाने सूत टेकवून पाहिलं. मग दुसरीकडे टेकवलं. मग सूत सोडून दिलं आणि तळहात फळीवर ठेवून तो बोटीच्या कडेने चालत गेला, नाकापर्यंत. तिथे त्याने सांध्यात नख घालून पाहिलं. तो मासेमारी सोसायटीचा अध्यक्ष होता. टायरच्या ट्यूबा आणि पत्र्याच्या डोंग्यांवर त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं.

"हे पुन्हा पाण्यात जाऊ शकते काय?" त्याने विचारलं.

"माहीत नाई."

"तुमी करू शकता काय?"

"तेबी माहीत नाई, दौलतभाऊ. पण कापू तं शकत नाई मी."

दौलतसिंग हसला. "बरसात सरंलोक पाहू मंग. सोसायटीले बोट लागतेच. नाई जमलं तं चौकटी."

शालिकरामची मुलगी शुभांगी कारंजाला ट्रॅक्टरच्या वर्कशॉपमध्ये डिझेल मेकॅनिक होती. आयटीआय करून ती तिथे लागली तेव्हा लोकांनी नाकं मुरडली होती. आता तेच लोक इंजिन घेऊन तिच्याकडे रांग लावत. रविवारी ती आली, बोटीच्या पोटात उतरली आणि इंजिनाच्या रिकाम्या जागेत मांडी घालून बसली.

"पंख्याचा दांडा शाबूत हाय, बाबा," ती आतून म्हणाली. "पाणी कापनारा पंखा गेला, पण दांडा सरळ हाय. तीन सिलिंडरचं इंजिन इथं आरामात बसते. बोट उलटी चालवाचा गिअर मातर आपल्या इकडं भेटनार नाई. कोकणातून मागवा लागन."

"तू करशीन?"

"तुमी पाणी आत येऊ देऊ नका. बाकी मी पाहतो." घरात ती लहानपणापासून अशीच मुलग्यासारखी बोलायची.

काम सुरू झालं. कण्याला लागून असलेल्या खालच्या फळ्या कुजल्या होत्या, तेवढ्या बदलायच्या होत्या. शालिकरामने कारंजाच्या आरागिरणीतून जुनं सागवान निवडून आणलं, कुजक्या फळीच्या मापाने कापलं, रंधलं, आणि जागेवर धरलं. ते लाकूड कशालाच दाद देईना. इंचभर जाडीची लाकडी फळी, तिला वाकवायचं आणि वरून पीळही द्यायचा. शिकंजे कसले तशी ती काडकन मोडली.

शुभांगीने फोनवर कुठल्याशा किनाऱ्यावरच्या कारागिरांचे व्हिडिओ शोधून दाखवले. ते फळी वाफेत शिजवत होते. मग कारखान्याच्या मागे पत्र्याची एक लांब पेटी तयार झाली. तिच्या एका टोकाला तेलाचा रिकामा ड्रम पाण्याने भरून चुलीवर चढवला. जाळ सांभाळायचं काम प्रयागबाईने घेतलं. लग्नाकार्याच्या स्वयंपाकात तिचा जाळावरचा हात गावाला माहीत होता. पेटीच्या फटींतून वाफ फुसफुसू लागली आणि सगळ्या गल्लीत ओल्या सागाचा वास भरला.

"आता काढा," तिने सांगितलं.

"अजून थोडी होऊ दे."

"वास बदलला. काढा म्हणते ना."

हातात गोणपाट गुंडाळून बापलेकीने फळी ओढली आणि धावत बोटीशी नेली. शालिकरामने मागचं टोक शिकंज्यात धरलं आणि पुढचं दाबलं. फळी वाकली. कुरकुरली नाही, तडकली नाही. मोडायच्या भीतीने त्याचे खांदे आखडले होते, आणि ती मात्र ओल्या फोकासारखी त्याच्या हाताखाली वळत गेली, कण्याला चिकटून, फासळीमागून फासळी घेत, नाकाशी पीळ खाऊन उभी झाली. तो आणि शुभांगी एकमेकांकडे पाहत राहिले. फळीतून अजून वाफ निघत होती.

"हे लाकूड हाय?" शुभांगी हळूच म्हणाली.

शालिकरामने गोणपाटातूनच फळीवर हात ठेवला. सागाचं झाड उभं असताना वाऱ्यात डोलतं, हे त्याने जन्मभर पाहिलं होतं. पण कापलेल्या फळीत ते डोलणं शिल्लक असतं, हे त्याला आज कळत होतं.

पावसाळाभर ताडपत्रीखाली काम चाललं. सांध्यांत कापसाचा पीळ ठोकून बसवायचा, वरून राळ आणि तेल. कापूस तर वऱ्हाडात घरचाच. प्रयागबाई आणि शेजारच्या बाया ओट्यावर बसून वळत असलेली ती वात संपता संपत नव्हती. केबिनच्या खिडक्यांना नव्या काचा लागल्या. सुकाणूचं चाक शालिकरामने बाभळीचं केलं, गाडीच्या चाकासारखं आऱ्यांचं, त्याला येत होतं तसं. दौलतसिंगाने नांगर, भोंगा, दिवे आणि सगळ्यांसाठी लाइफ जॅकेट आणली, आणि धरणावरच्या परवानगीसाठी त्यानेच खेटे घातले. शेवटी बाहेरून तेल पाजलं, तेव्हा रस्त्याने जाणाऱ्या जीप थांबू लागल्या. लोक उतरत, बोटीभोवती एक फेरी मारत आणि पुन्हा जीपमध्ये बसत.

दिवाळी सरली. धरण तुडुंब होतं. इंजिन आधी बसवायला शुभांगीने साफ नकार दिला. "आधी तिले पाण्यात बसू द्या. पाण्यात ती कशी बसते ते पाहूनच इंजिन अन् दांडा एका रेषेत आणता येते."

तिचं म्हणणं ऐकलं हे बरं झालं. क्रेनने बोट काठाशी उथळ पाण्यात सोडली, दौलतसिंगाच्या आईने, हिरीबाईने नारळ फोडला, तांड्यातली पोरंसोरं ओरडली, आणि बोटीत पाणी शिरू लागलं. एका ठिकाणाहून नाही, सगळीकडून. सांध्यासांध्यातून पाझर फुटले. डबे घेऊन उपसायला माणसं उतरली, पण येणारं पाणी उपसणाऱ्यांना ऐकेना. पाहता पाहता बोट खाली बसत गेली आणि कमरेभर पाण्यात चिखलावर टेकली. कठडे आणि केबिन तेवढी वर राहिली.

गर्दी हळूहळू पांगली. कुणी टोमणा मारला नाही, आणि शालिकरामला तेच जास्त लागलं. तो काठावर बसून राहिला.

"कापूस नीट बसला नाई," तो म्हणाला. "म्या कुठंतरी कमी केलं."

प्रयागबाई शेजारी बसली. तिने विचारलं, "उन्हाळ्यात गाडीचे चाकं ढिले होत, तवा मामंजी काय करत?"

"नदीत उभी करत गाडी."

"काहून?"

शालिकरामने वळून तिच्याकडे पाहिलं. उन्हाने सुकलेलं चाक पाण्यात ठेवलं की लाकूड फुगतं, आरे घट्ट होतात, लोखंडी धाव पुन्हा आवळून बसते. लहानपणी तो स्वतः त्या गाड्यांवर बसून पाण्यात पाय हलवायचा. आणि ही बोट कितीतरी उन्हाळे कोरड्यात तापत पडली होती.

"राहू द्या तिले तशीच," तो दौलतसिंगाला म्हणाला. "पाणी पिऊ द्या पोटभर."

बोट तशीच बुडालेली राहिली. शालिकराम रोज येऊन काठावर उभा राही आणि परत जाई. रविवारी शुभांगी शेतातला पंप घेऊन आली. पाणी उपसायला लागली तशी बोट चिखलावरून सुटली, डुलली आणि वर येऊ लागली. तळाचं शेवटचं पाणी फडक्याने पुसून शालिकराम आत पालथा पडला आणि बॅटरीच्या उजेडात सांधे पाहू लागला. कोरडे. पुढचे कोरडे. नाकाजवळ एका सांध्यातून दोऱ्याएवढी धार येत होती. तो तिच्याकडे पाहत राहिला. धार बारीक झाली, थेंब झाली, थेंबामधलं अंतर वाढत गेलं. एक थेंब सांध्यावर फुगून बराच वेळ लटकला आणि पडलाच नाही. त्याच्या डोळ्यांसमोर लाकडाने आपलं तोंड मिटून घेतलं होतं.

"बाबा?" वरून शुभांगीने हाक मारली. "येते काय पाणी?"

"नाई," तो म्हणाला. "बंद झालं."

कोकणातून आलेला गिअर आणि नवा पंखा लागला, इंजिन बसलं. दांडा आणि इंजिन एका रेषेत आणायला शुभांगीने कागदाएवढ्या जाडीच्या पट्ट्या सरकवत दोन अख्ख्या सुट्या घालवल्या. पहिल्यांदा चावी फिरवली तेव्हा इंजिन खोकललं आणि धरलं. मागे पाणी घुसळून निघालं. चाकावर दौलतसिंग होता, इंजिनाजवळ शुभांगी. केबिनमध्ये हिरीबाई लाइफ जॅकेटवरून ओढणी सावरून बसली होती. शालिकराम आणि प्रयागबाई पुढे नाकाशी उभे होते. दोघांनाही पोहता येत नव्हतं.

बोट काठ सोडून निघाली. शालिकरामला वाटलं होतं की ती पाणी कापत जाईल. पण कापणं असं काही नव्हतंच. पाणी नाकाशी दुभंगत होतं, फळ्यांच्या बाकाने अंग चोरून मागे सरकत होतं आणि शेपटाशी पुन्हा मिळत होतं. आपल्या पायाखाली इंचभर सागवान आहे आणि त्याच्याखाली सबंध धरण, हे त्याच्या तळपायांना कळत होतं. त्याने इतकी वर्षं घरं सजवली होती. त्यातलं एकही घर असं हाललं नव्हतं.

काठावरची झाडं लहान झाली. कामरगावच्या दिशेचा टॉवर आगकाडीएवढा दिसू लागला. तुरीची पिवळी शेतं, त्यामागे टेकड्या, आणि हे सगळं पाण्याच्या बाजूने, जिथून त्याने ते कधी पाहिलंच नव्हतं. बदकांचा एक थवा उठला आणि त्यांच्या डोक्यावरून वळून गेला.

अगदी मधोमध आल्यावर दौलतसिंगाने इंजिन बंद केलं. बोट आपल्याच वेगाने थोडी पुढे गेली आणि थांबली. वाऱ्याने जरा वळली. फळ्यांवर पाण्याचा बारीक आवाज येत होता. प्रयागबाई खाली बसली, कठड्यावरून वाकून तिने हात पाण्यात घातला आणि तसाच ठेवला. हिरीबाई बाहेर आली आणि चारी दिशांना पाहत उभी राहिली.

"चालू करू काय?" शुभांगीने इंजिनाजवळून विचारलं.

शालिकराम खाली बसला आणि शेजारची फळी थोपटून त्याने तिला वर बोलावलं. हात पुसत ती वर आली आणि बापाच्या शेजारी बसली.