ठिगळ कशाचं?

“वास घेऊन बघू का?” शरदचंद्रांनी विचारलं, तशी डॉक्टर ऋग्वेदा हसली.

माझगावच्या गोदीत स्टोअरकीपर म्हणून जन्म काढलेला हा माणूस. दुधाची पिशवीसुद्धा हुंगल्याशिवाय फोडायचा नाही. स्वतःच्या जांघेत शिवायचं ठिगळ बरा सोडेल! नमुन्याचा तो पांढरा तुकडा त्यांनी उजेडाकडे धरला. रक्तवाहिनी उघडून आतला थर खरवडायचा आणि हे ठिगळ लावून ती शिवायची. नाहीतर पाय जाणार.

“बैलाच्या हृदयावरचं आवरण आहे, काका. कृत्रिम कापड लावलं असतं, पण तुमचा अंगठा पिकलाय. कापडाला जंतू चिकटले की जाता जात नाहीत.”

“मग माझीच शीर घ्या की.”

“ती बायपासला वापरली ना!”

हिच्याकडे उत्तरं तयारच कशी, हाच त्यांना संशय. पण अंगठा काळा पडत चालला होता. त्यांनी सही केली.

“आमच्या मंडळींना मात्र बोलू नका. चामड्याचा पट्टा घरात आणू देत नाही ती. लग्न झाल्यापासून गॅलरीतल्या खिळ्यावर लटकवतोय.”

“मी आपणहून नाही सांगणार. पण त्यांनी सरळ विचारलं तर खोटं बोलणार नाही.”

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मंडळी, म्हणजे नलूताई, वॉर्डच्या दाराशी डॉक्टरशी कुजबुजताना दिसल्या. परतल्या त्या डोळे पुसत.

“काय म्हणत होती?”

“काही नाही हो. नीट जेवलात का, विचारत होती.”

झालं! पाय कापायचं ठरलंय आणि आपल्यालाच अंधारात ठेवलंय, अशी शरदचंद्रांची खात्री पटली. भूल देईपर्यंत त्यांनी मांडीवरचा हात काढला नाही.

शुद्धीवर येताच त्यांनी आधी चादर वर केली. पाय होता. पाऊल चांगलं गरम होतं. मग ही रडली का? तो किडा काही डोक्यातून जाईना.

घरी सोडल्यावर गिरगावातला चाळीचा जिना ते सावकाश चढले. दारात थांबून त्यांनी नलूताईंच्या हातातल्या पिशवीतून आपला पट्टा ओढून काढला आणि सवयीनं खिळ्याकडे हात नेला.

नलूताईंनी तो हातातून काढून घेतला.

“राहू दे. आता येऊ दे आत.”

“तुला डॉक्टरनं सांगितलं?”

“मीच विचारलं. म्हटलं, काय लावायचं ते लावा, पण पाय ठेवा. या आता, उभे राहू नका.”

नलूताईंनी पट्टा दाराआडच्या खुंटीला, नवऱ्याच्या सदऱ्यावर अडकवला आणि चहाचं आधण ठेवायला गेल्या. शरदचंद्रांनी चौकट धरली आणि तोच पाय आधी उंबऱ्याच्या आत टाकला.